वार लावणारीचं वावर

आषाढ निम्मा सरला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. सूसच्या या सोसायटीत मी सातव्या मजल्यावर राहतो. खाली मोटारींची रांग, समोर अर्धवट बांधलेला टॉवर, त्याच्यामागे पावसात बुडालेली डोंगराची कड. भाताचं खाचर म्हणून कुठे नजरेला पडत नाही. तरीही वीस-पंचवीस दिवस सलग पाऊस लागला की पायाच्या बोटांमध्ये काहीतरी वळवळायला लागतं. चहा अर्धा टाकून उठतो, गॅलरीत जातो, परत येतो, वर्तमानपत्र उघडतो आणि मिटतो. सून म्हणते, "बाबा, एका जागी बसा ना, मलाच गरगरायला लागलं." कसा बसू? तिकडे ताम्हिणीच्या अलीकडे, आमच्या गावात, आत्ता आवण चालू असणार. आवण म्हणजे भाताची लावणी. साठ वर्षं झाली, मी त्या चिखलात पाय घातलेला नाही.

यंदा या अस्वस्थपणात रेवाची भर पडली. रेवा म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची नात. हिंजवडीत नोकरी करते आणि सध्या एमबीएचे फॉर्म भरते आहे. गेल्या रविवारी भिजत भिजत आली, केस पुसायच्या आधी लॅपटॉप पुसला आणि जेवणाच्या टेबलावर मांडून म्हणाली, "बापूआजोबा, तुम्ही इतकी वर्षं मुलाखती घेतल्यात. खरं सांगा, त्या लोकांना नक्की काय हवं असतं?"

हा प्रश्न मला आजवर इतक्यांनी विचारलाय की उत्तर तोंडपाठ आहे. आधी कारखान्यात आणि पुढे शिकवायला लागल्यावर, निवड समितीच्या टेबलाच्या पलीकडे मी आयुष्याची चांगली वीस-बावीस वर्षं काढली. तिला म्हटलं, मार्कांनी दार उघडतं, पण आत कुणी बसवून घेत नाही. इंग्रजी फाडफाड येणाऱ्यांचा आम्हाला दुपारपर्यंत कंटाळा येतो. हाच अभ्यास का आणि आत्ताच का, हे ज्याला धड सांगता येत नाही, त्याला घरच्यांनी पाठवलंय हे कळतं. जो नुसती यशं सांगतो त्याच्यावर विश्वास बसत नाही, स्वतःची एखादी फजिती नीट सांगणारा आवडतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, लिहिलंय ते त्याचं स्वतःचं आहे का, हे पाहायचं असतं. ते कसं ओळखता, असं तिने विचारलं. म्हटलं, एक बारीकसा, साधा प्रश्न विचारायचा. ज्याने काम केलेलं असतं त्याला त्याचं उत्तर आठवावं लागत नाही.

रेवा भराभरा टिपून घेत होती. आपण किती शहाण्यासारखं बोलतोय, असं मलाही वाटायला लागलं होतं. तेवढ्यात तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हे वाचा. 'तुम्हाला घडवणारी व्यक्ती' असा प्रश्न आहे. मी तुमच्यावर लिहिलंय."

तिने लिहिलं होतं की तिच्या धाकट्या आजोबांनी वयाच्या बाविसाव्या वर्षी गावातल्या अकरा घरांना एकत्र आणून सगळ्यांची भातलावणी पार पाडली, आणि स्वतःचं वावर सर्वांत शेवटी लावलं. ही गोष्ट तिने माझ्या निवृत्तीच्या समारंभात ऐकली होती. तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल, पेढा खात पहिल्या रांगेत बसली होती. माझ्या एका सहकाऱ्याने माईकवरून ती सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी हात जोडले. हात जोडण्याऐवजी माईक घ्यायला हवा होता.

रेवाला मी म्हटलं, छान लिहिलंस. ती गेली. तेव्हापासून गॅलरीतल्या माझ्या फेऱ्या दुप्पट झाल्या आहेत.

ती साठीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी पुण्यात वसतिगृहात राहून बी.कॉम. झालो होतो. गावात एवढं शिकलेला मी पहिलाच, त्यामुळे घरी आलो की मला कुणी काम सांगायचं नाही, आणि मीही सांगून घ्यायचो नाही. मुंबईत धंद्याचं व्यवस्थापन शिकवणारा एक नवा अभ्यासक्रम निघाला होता. धंदा शिकायला कॉलेजात जावं लागतं, ही कल्पनाच आमच्याकडे हसण्यावारी नेली गेली. दादा म्हणाला, "पौडाचा वाणी कुटं शिकाया गेल्ता?" पण आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी फॉर्म आणून हातात ठेवला. त्यात एक प्रश्न असा होता, की आपण इतरांचं नेतृत्व केल्याचा एखादा प्रसंग दोनशे शब्दांत लिहा.

माझ्याकडे असा प्रसंगच नव्हता. मी पुस्तकं वाचली होती, पेपर लिहिले होते, खाणावळीत रांगेत उभा राहिलो होतो. सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, खेड्यातला मुलगा तू. काहीतरी केलंच असशील. आठव." मी दोन दिवस आठवत राहिलो. आठवली ती वहिनीची भिंत.

आमच्याकडे आवण इर्जिकीने व्हायची. अकरा घरं एकत्र यायची. आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या. प्रत्येक घराने एक बैलजोडी, एक गडी आणि लावायला बाई द्यायची. पुरुष चिखलणी करायचे, बाया पावसासाठी पानांची इरली पांघरून रोपांच्या मुठी सोडवत ओळीने मागे सरकत जायच्या. ज्याचं वावर त्याने दुपारी भाकरी-कालवण घालायचं, बाकी देणंघेणं काही नाही. कुणाच्या वावराचा वार कधी, हे ठरवायचं काम एका घराकडे असायचं. सात-आठ वर्षं ते आमच्या गोदावहिनीकडे, म्हणजे दादाच्या बायकोकडे होतं. त्याला 'वार लावणं' म्हणत.

वहिनीला अक्षरओळख नव्हती. चुलीमागच्या भिंतीवर तिने कोळशाने अकरा खुणा काढलेल्या असायच्या. आंब्याचं झाड, विहीर, तीन पायांची शेळी (चौथा पाय काढायला जागा उरली नव्हती), असं एकेका घराचं चिन्ह आणि त्यापुढे त्याच्या वाराची रेघ, पहिला वार सगळ्यांत वर, शेवटचा खाली. कुणाचं रोप आधी तयार झालं, कुणाच्या खाचरात पाणी ठरत नाही, कुठली बाई बाळंतपणातून उठलेली आहे, कुठल्या दोन जावांना एका ओळीत उभं करायचं नाही, हे सगळं भाकरी थापता थापता तिच्या डोक्यात चालायचं. मध्येच पिठाच्या हातानेच एखादी रेघ पुसून दुसरीकडे काढायची. पुढे मी व्यवस्थापनाची जाडजूड पुस्तकं वाचली आणि शिकवलीसुद्धा. त्या भिंतीवर नव्हतं असं त्यांत फार थोडं सापडलं.

आणि एक रीत होती. वार लावणारीचं वावर शेवटी. भाताचं रोप साधारण तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की लावायचं, पुढे ते जून होतं आणि त्याला फुटवे कमी येतात. म्हणजे शेवटी लावणाऱ्याला भात कमीच पिकणार. ते नुकसान जी हसत सोसेल तिच्याच शब्दाला किंमत, असा साधा हिशेब. आमचा वार नेहमी अकरावा. वहिनीच्या बोलण्यावर कुणी ब्र काढत नसे, ते या अकराव्या वारामुळे.

हे सगळं मी दोनशे शब्दांत इंग्रजीत लिहिलं, आणि जिथे जिथे वहिनी होती तिथे स्वतःला घातलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. लिहिताना लाज वगैरे काही वाटली नाही. उलट वाक्यं जमली याचाच आनंद झाला. सरांनी वाचून पाठ थोपटली.

मुलाखतीचं पत्र आलं ते भर आवणीच्या तोंडावर. पोस्टमनने ते टोपीखाली घालून आणलं होतं, तरी कडा भिजल्या होत्या. मुलाखत तिसऱ्या दिवशी. पहिलंच वर्ष असल्याने सगळं उशिरा चाललं होतं, म्हणून निवड झालेल्यांनी तिथेच राहायचं होतं आणि वर्ग लगेच सुरू होणार होते. अंथरूण-पांघरूण बरोबर आणावे, असं पत्रात होतं. इर्जीक पत्रानंतर दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायची होती, आणि दादाच्या पायाला नांगराचा फाळ लागल्याने तो ओसरीवर पाय वर करून बसला होता. म्हणजे घरचा गडी त्या साली मीच.

अडचण साधी होती. इर्जिकीत आधी द्यायचं असतं, मग मिळतं. मी निघून गेलो तर आमच्या घराकडून दहा दिवस गडी जाणार नाही. मग अकराव्या दिवशी आमच्या वावरात लोकांनी का यावं? मी राहिलो तर मुंबई गेली.

मी वहिनीला म्हटलं, "वहिनी, आपला वार आधी घेतला तर? उद्याच?"

ती भाकरी उलटत होती. तिने मान वर केली नाही. "न्हाई, भावजी. तसं कुनी करत न्हाई."

"एकाच वर्षाचा तर प्रश्न आहे."

"येकाच वरसाचा नसतो त्यो," ती म्हणाली.

मी जेवलो नाही. रागाने नव्हे, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ओसरीवर येरझाऱ्या घातल्या, पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, दादासमोर उगाच नशिबाला बोल लावला. बावीस वर्षांच्या शिकलेल्या माणसाचा तो सगळा तमाशा तिला चुलीपाशी ऐकू येत होता, आणि ऐकू जावा म्हणूनच चालला होता. मी सहा वर्षांचा असताना ती या घरात आली. मला न्हाऊ घालून शाळेत पिटाळणारी तीच. माझं काय आणि कुठे दुखतं, हे तिला माझ्याआधी कळायचं.

सकाळी चुलीमागे पाहिलं तर आमच्या घराची रेघ सगळ्यांत वर होती. खालची पुसलेली जागा ओली होती.

त्या दिवशी आमचं वावर लागलं. पाऊस मुसळधार होता, पण तो दरवर्षीचाच. वेगळं होतं ते बायांचं गप्प राहणं. एरवी आवणीत एक गाणं संपलं की दुसरं सुरू होतं, चेष्टामस्करीने शिवार दणाणतं. त्या दिवशी मुठी सोडवल्याचा आणि चिखलात बोटं खुपसल्याचाच आवाज. मी बैलांमागे होतो. खालच्या आळीची तान्हूबाई, सगळ्यांत म्हातारी, कंबर सरळ करून मोठ्याने म्हणाली, "का गं गोदे, वाढनारीनं आदी आपलंच ताट भरून घ्यायचं व्हय?"

वहिनी वाकलेलीच राहिली. "भावजींना मंबईला जायाचंय, आत्या."

"जाऊंदे की. आमी न्हाई कुटं म्हनतोय? पर मागं दहा वार हायेत. त्येंला कोन येनार तुज्या घरचं?"

"मी येनार. दोन बायांचं लावीन."

"आनि गडी?"

वहिनीने पुढची मूठ सोडवली. बैलांना हाकत मी बांधाच्या पलीकडच्या टोकाला गेलो आणि तिकडे जरा जास्तच वेळ लावला. मी तिथेच जू उतरवून म्हणू शकलो असतो, की मी राहतो, जात नाही मुंबईला. हे वाक्य मी गेली साठ वर्षं सूसच्या गॅलरीत, कारखान्याच्या बसमध्ये, दाढी करताना म्हणत आलोय. तेव्हा म्हटलं नाही.

मुंबईची ती खोली अजून दिसते. लांब टेबल, पंखा, मागच्या खिडकीतून समुद्राचा खारट वारा. तिघं जण बसले होते. एक परदेशात शिकून आलेले, एक कुठल्याशा कारखान्याचे व्यवस्थापक, आणि कडेला एक वयस्क मराठी गृहस्थ, ज्यांच्या कोटाच्या खिशावर शाईचा डाग होता. पहिल्या दोघांनी मार्क विचारले, पंचवार्षिक योजना विचारली, टायची गाठ पाहिली. मी उधार आणलेल्या टायमध्ये गुदमरत उत्तरं देत होतो. मग त्यांनी इर्जिकीचा विषय काढला. मी भिंत सांगितली, खुणा सांगितल्या, जावांना एका ओळीत उभं करायचं नाही हेही सांगितलं. ते हसले. मला रंग चढला.

तेव्हा कडेचे गृहस्थ पहिल्यांदाच बोलले, आणि मराठीत बोलले. "तुमचं स्वतःचं वावर कितवं लागलं?"

त्यांनी हे सहज विचारलं असेल. कदाचित तेही आमच्यासारख्याच कुठल्या भातखाचरातून आलेले असतील आणि त्यांना सगळं माहीत असेल. ते मला कधीच कळलं नाही. माझ्या नखांत अजून आमच्या वावराचा चिखल होता. मी हात टेबलाखाली घेतले.

"शेवटचं, सर," मी म्हणालो. "वार लावणाऱ्याचं शेवटी, अशी रीत आहे आमच्याकडे."

त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. संध्याकाळी फळ्यावर नावं लागली. माझं चौथं होतं.

टेबलाच्या पलीकडे बसल्यावर मला उमगलं की त्या दिवशी त्यांना काय हवं होतं आणि काय मिळालं. नेतृत्व, हुशारी, तडफ हे शब्द छापायला ठीक आहेत. खरं पाहायचं असतं ते हे, की हा माणूस स्वतःचा वार कितवा लावतो. ती त्यांची पारख चोख होती. त्यांना अगदी योग्य माणूस सापडलं होतं, फक्त ते त्या खोलीत नव्हतं, मुळशीच्या चिखलात दोन बायांचं एकटीने लावत होतं. पुढे मीही उमेदवारांना असे बारीक प्रश्न विचारत राहिलो. एखाद्या पोराची थाप पकडली की मला झोंबायचं, आणि मी त्याला जरा जास्तच कडक वागवायचो. एकाला तर असा सोलून काढला की तो रडला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

काल न राहवून रेवाला फोन केला. म्हटलं, "तो माझ्यावरचा परिच्छेद काढून टाक."

"का? सगळ्यांत चांगला तोच झालाय."

"ते मी केलेलं नाही. तुझ्या आजीने केलं होतं."

पलीकडे कॅबचा हॉर्न वाजत होता. मग तिने विचारलं, "सगळं?"

"सगळं. मी तिचं घेऊन लिहिलं. त्यावरच मला घेतलं."

मला वाटलं, आता ही रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग आजीवर लिहिते. आजीला हे माहीत होतं? काय म्हणाली ती?" मी म्हटलं, घरी ये, सांगतो. ती येणार आहे परवा. मला आजपासूनच बसवत नाही.

त्या वर्षी दिवाळीला मी घरी आलो. आमचं भात सगळ्यांच्या आधी पिकून पिवळंधमक झालं होतं, लोंब्या ओथंबल्या होत्या. एवढं पीक आमच्या खाचरात मी कधी पाहिलं नव्हतं. बांधापलीकडच्या वावरातलं अजून हिरवट होतं. घरात शिरलो तर चुलीमागची भिंत शेणाने सारवलेली. मी दादाला विचारलं, यंदा कापणीची इर्जीक केव्हा? दादा तंबाखू मळत म्हणाला, "तान्हूबाईला इचार. वार आता तिच्या भितीवर असत्यात." आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला, "बरंच झालं. हिच्या डोक्याचा ताप गेला."

वहिनी वावरात एकटीच कापत होती. आमचा वार लागायला अजून सहा दिवस होते आणि लोंब्या झडायला लागल्या होत्या. मी धोतर खोचलं, दुसरा विळा घेतला आणि तिच्या शेजारी वाकलो. तिने मुंबईचं विचारलं, जेवायला काय देतात, समुद्र बघितला का. मग म्हणाली, "त्या लोकांनी काय काय इचारलं तुमाला?"

मी सांगून टाकलं. फॉर्ममध्ये काय लिहिलं ते, भिंत, खुणा, सगळं. ती हसली. तिची तीन पायांची शेळी मुंबईच्या साहेबांना सांगितली, याची तिला मोठी गंमत वाटली. "आनि?"

"आणि विचारलं, तुमचं वावर कितवं लागलं."

तिचा विळा थांबला. "मग?"

"शेवटचं, असं सांगितलं."

हातातली मूठ तिने बांधली, खाली ठेवली, पुढची धरली. ती रडेल किंवा मला चार शब्द सुनावेल, यांतल्या कशाचीही माझी तयारी होती.

"बरं केलंत, भावजी," ती म्हणाली. "कुटं तरी आपलं शेवटी ऱ्हायलं."

आणि ती पुढची ओळ कापायला लागली.